स्वालबारच्या उतारावरचे शिनाणे : आर्क्टिक खरंच कधी इतकं गरम होतं?

उत्तरवाट

नमस्कार मंडळी, बरेच दिवस हे लिहायचं मनात होतं, आज रविवार आहे आणि बाहेर पाऊस आहे म्हणून बसलो एकदाचा.

माझं गाव देवगड तालुक्यात, नोकरीमुळे गेली सहा वर्षं उत्तर नॉर्वेत ट्रोम्सोला. गेल्या ऑगस्टमधे चार दिवस स्वालबारला जाऊन आलो. नकाशात नॉर्वेच्या वर, उत्तर ध्रुवाच्या अर्ध्या वाटेवर जो बेटांचा पुंजका दिसतो तो. लाँगइयरब्येन या तिथल्या मुख्य गावाहून बोटीने इसफ्योर्डमधून आत बिलेफ्योर्डकडे गेलो (फ्योर्ड म्हणजे आपली खाडीच, फक्त हिमनदीने कोरलेली आणि फार खोल). सोबत गाईड बाई होत्या, खांद्याला बंदूक, कारण गावाबाहेर पाऊल टाकलं की अस्वलाची तयारी ठेवावीच लागते.

किनाऱ्यावर उतरून वर चालायला लागलो तर किनारा संपेचना. म्हणजे पुळण, मग थोडा चढ, मग परत पुळणीसारखीच गोल गोट्यांची पट्टी, परत चढ, परत पट्टी, मोठ्या जिन्याच्या पायऱ्या असतात तसं. आणि समुद्रापासून तीन-चार मजले वर आल्यावर पायाखाली शिंपले. एक-दोन नाही, वाळूत जागोजाग. बहुतेक पांढरे पडलेले, भुसभुशीत. पण त्यातला एक तुकडा बाईंनी उचलून हातावर ठेवला आणि मला काही विचारायची गरजच पडली नाही. निळा-जांभळा रंग अजून होता त्याला, आणि तो निमुळता आकार. लहानपणी आजीबरोबर ओहोटीला खडपावर जाऊन कोयत्याने हेच तर खरवडून काढायचो. शिनाणे! जात वेगळी, आपला हिरवा आणि तो निळा, नॉर्वेत त्याला ब्लोशेल म्हणतात, इथे बाजारात किलोवर मिळतो आणि आम्ही खातो. शास्त्रीय नाव मायटिलस एडुलिस.

बाई म्हणाल्या हे इथे हजारो वर्षांपूर्वी वाढत होते, मग नाहीसे झाले. विसाव्या शतकात स्वालबारला जिवंत ब्लोशेल कुणाला मिळालेला नाही. त्याला तेव्हाचं इथलं पाणी फार थंड.

परत आल्यावर मी याचा नादच घेतला. बर्गन विद्यापीठाचे यान मांगेरुड आणि यॉन इंगे स्वेंडसेन या दोघा भूशास्त्रज्ञांचा २०१८ चा एक निबंध आहे, त्यात त्यांनी स्वालबारभरच्या अशा जुन्या शिंपल्यांची वयं एकत्र मांडलीत. ब्लोशेल तिथे सुमारे ११,००० वर्षांपूर्वीच पोचला होता, म्हणजे हिमयुग संपतंय न संपतंय तोवर. आणि १०,२०० ते ९,२०० वर्षांपूर्वीच्या काळात झिर्फिया नावाचा एक शिंपला तिथे राहत होता, तो तर ब्लोशेलपेक्षाही ऊबदार पाण्यातला. त्यावरून त्यांनी हिशोब काढलाय की तेव्हा ऑगस्टमधलं समुद्राचं पाणी आजकालच्यापेक्षा सुमारे ६ अंशांनी जास्त गरम असणार. सहा! मला हे वाचून झोप लागली नाही खरंच.

एक शिंपला हातात घेऊन दहा हजार वर्षांपूर्वीच्या पाण्याचं तापमान सांगता येतं हे मला अजून पचत नाहीये. इथे प्राणीशास्त्रवाले, भूगोलवाले, रसायनवाले बरेच आहेत. लिहा ना. मला जितकं कळलंय तितकं मीही लिहीन.

कालवंवाली

उत्तरवाट, फार छान विषय. मी मालवणला ज्युनिअर कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवत होते, आता रिटायर्ड. शिनाणे हा माझ्या जिव्हाळ्याचा प्राणी त्यामुळे राहवत नाही.

तुम्ही ओळखलंत ते बरोबर. आपला हिरवा (पेर्ना विरिडिस) आणि तो निळा, दोघं एकाच कुळातले, मायटिलिडी. दोघंही पायातून चिकट धागे काढतात आणि खडपाला घट्ट धरून बसतात, आजीला कोयता लागायचा तो त्या धाग्यांमुळेच.

आता तापमानाचं. मुलांना मी नेहमी सांगायचे की मोठा झालेला प्राणी बरंच सोसतो, पिल्लू सोसत नाही. ब्लोशेलची मोठी जनावरं बर्फाळ पाण्यातही तग धरतात, ओहोटीला उघडी पडल्यावर अंगातलं पाणी गोठलं तरी पुष्कळदा जगतात. पण अंडी-शुक्रबीज पाण्यात सोडणं, त्यातून डिंभक होणं, त्या डिंभकाने काही आठवडे पाण्यात तरंगत खाऊन मोठं होणं आणि मग खडपावर बसणं, या सगळ्याला उन्हाळ्यात पुरेसं ऊबदार पाणी पुरेसे दिवस मिळावं लागतं. म्हणून हजारो वर्षं एखाद्या जागी शिनाण्यांची वस्ती दिसते तेव्हा खात्रीने सांगता येतं की तिथला उन्हाळा त्यांच्या पिल्लांना पुरत होता. हिवाळ्याबद्दल हा शिंपला फार काही बोलत नाही, हे ध्यानात ठेवा. म्हणूनच त्या निबंधात ऑगस्टचं तापमान दिलंय, वर्षाची सरासरी दिलेली नाही.

आणि सगळेच शिंपले साक्षीदार म्हणून चालत नाहीत. हायटेला आर्क्टिका, माया ट्रंकाटा हे तिथे हिमयुगाच्या शेवटीही होते, गरम काळातही होते आणि आजही आहेत, वॉलरस मायावरच तर जगतो. त्यांच्यावरून थंडी-गरमी कळत नाही. कळते ती अशाच्यावरून जो यायला-जायला नाजूक आहे, सीमेवर राहणारा.

नुसताच_वाचक

वाचतोय. एक बाळबोध शंका. शिंपले समुद्रापासून ३०-४० फूट वर, म्हणजे तेव्हा समुद्र तेवढा वर होता का? मग आपल्याकडे कोकण पाण्याखाली असेल ना?

उत्तरवाट

अजिबात बाळबोध नाही, मीही हाच प्रश्न गाईडबाईंना विचारला होता.

समुद्र वर नव्हता, जमीन खाली होती. हिमयुगात, सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, स्वालबार आणि शेजारचा अख्खा बॅरंट्स समुद्र जाड बर्फाखाली होता, आणि त्या वजनाने जमीन दबली होती. गादीवर जड पेटी वर्षानुवर्षं ठेवली की खड्डा पडतो ना तसं. बर्फ वितळल्यावर जमीन हळूहळू वर यायला लागली, पण गादीसारखी पटकन नाही, खालचा खडक मधासारखा संथ सरकतो त्यामुळे हजारो वर्षं लागली. वर येताना प्रत्येक काळातली पुळण मागे सोडत आली, त्याच त्या पायऱ्या. सगळ्यात वरची पायरी सगळ्यात जुनी. पूर्वेकडच्या बेटांवर तर अशा जुन्या पुळणी १०० मीटरच्या आसपास उंचीवर आहेत. कोकणावर असा बर्फ नव्हताच त्यामुळे तिथे हे घडलं नाही.

याचा फायदा असा की जे शिंपले एरवी समुद्रतळाशी गाळात राहिले असते ते आयते पायाखाली येतात.

दर्यावर्दी_श्रीवर्धन

कोकणचा विषय निघाला म्हणून. आमच्याकडे किनाऱ्याला शिंपल्यांच्या चुऱ्याचा आणि वाळूचा घट्ट झालेला दगड असतो, करल म्हणतात, जुन्या घरांच्या नि विहिरींच्या बांधकामात दिसतो. लहानपणी त्यातले शिंपले नखाने काढायचा प्रयत्न करायचो. हाही तसाच पुरावा का?

कालवंवाली

दर्यावर्दी, करल चुन्याने सांधलेली जुनी पुळण आहे, तीही गेल्या काही हजार वर्षांतली. त्यावरून पूर्वी पाण्याची रेघ कुठे होती ते शोधता येतं. पण त्यातले शिंपले आजही त्याच किनाऱ्यावर मिळतात, त्यामुळे तापमान बदललं की नाही ते त्यावरून सांगता येणार नाही. आर्क्टिकच्या शिंपल्यात ही ताकद आली ती पुढे पाणी थंड झाल्यावर तो तिथे राहू शकला नाही म्हणून.

प्रश्नचिन्ह

धागा आवडला पण मनातलं स्पष्ट विचारतो, कुणी रागावू नका. दहा हजार वर्षांपूर्वी ना गाड्या, ना कोळसा, ना कारखाने. तरी आर्क्टिकचं पाणी ६ अंशांनी गरम. मग आज थोडं गरम होतंय तर ते माणसामुळेच हे कशावरून? निसर्ग आपणहून करतोच की. माझा शेतीशी संबंध आहे, पावसाचं जे चाललंय ते बघतोच आहे, पण कारण नीट कळल्याशिवाय मान डोलवणं मला जमत नाही.

दुसरं म्हणजे शिंपला वाहत आलेला नाही हे कसं ठरवलं? आमच्याकडे पुरात कुठल्या कुठे वस्तू वाहून येतात.

लोलक

प्रश्नचिन्ह, रागावण्यासारखं काहीच नाही, हा प्रश्न विचारायलाच हवा आणि त्याचं उत्तर आहे. मी भौतिकशास्त्र शिकवतो, नाशिकला.

पृथ्वीची सूर्याभोवतीची कक्षा पूर्ण गोल नाही. सध्या आपण सूर्याच्या सगळ्यात जवळ असतो ते जानेवारीच्या सुरुवातीला, म्हणजे उत्तरेच्या ऐन हिवाळ्यात. ही तारीख हळूहळू सरकत असते, सगळं वर्ष फिरून यायला वीसेक हजार वर्षं लागतात. ११ हजार वर्षांपूर्वी परिस्थिती उलटी होती, पृथ्वी सूर्याच्या जवळ असायची ती उत्तरेच्या उन्हाळ्यात. शिवाय अक्षाचा कल आज साडेतेवीस अंशांच्या किंचित खाली आहे, तेव्हा २४ च्या वर होता. दोन्ही मिळून उत्तरेकडच्या भागात जूनमधलं ऊन आजच्यापेक्षा सुमारे ८ टक्के जास्त पडत होतं. आठ टक्के हा फार मोठा आकडा आहे, आणि स्वालबारला उन्हाळ्यात सूर्य चार महिने मावळत नाही त्यामुळे ते ऊन दिवसरात्र.

वर अटलांटिकचा ऊबदार प्रवाह नॉर्वेच्या किनाऱ्याने वर चढून स्वालबारच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत जातो, तोही तेव्हा जोरात होता.

म्हणजे त्या गरमीचं कारण माहीत आहे, मोजता येतं, आणि ते कारण आज लागू नाही. उलट गेली हजारो वर्षं उत्तरेचं उन्हाळी ऊन कमी कमी होत आलंय, त्या हिशोबाने आर्क्टिक थंडच होत राहायला हवं होतं आणि बराच काळ ते तसं होतही होतं, शिनाणे गेले ते त्यामुळेच. तेव्हा हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाखात २६० भागांच्या आसपास होता, हे अंटार्क्टिकच्या बर्फात अडकलेल्या हवेवरून कळतं. आज ४२० च्या वर आहे. ऊन कमी होत असताना तापमान वर जातंय, तर कारण दुसरं शोधायलाच लागतं.

आणि ते ६ अंश फक्त त्या भागातले, उन्हाळ्याचे. सगळी पृथ्वी तेव्हा ६ अंशांनी गरम नव्हती, त्याच्या जवळपासही नाही.

प्रश्नचिन्ह

धन्यवाद लोलक सर, उन्हाचा हिशोब पहिल्यांदाच असा कुणी समजावला. यावर विचार करतो. वाहून आल्याचं राहिलं.

सी_चौदा

वाहून आल्याचं मी घेतो. काही वर्षं कार्बन डेटिंगच्या कामात होतो (देश नि लॅब सांगत नाही) त्यामुळे शिंपल्यांची पाकिटं भरपूर हाताळली आहेत.

शेतातलं पुराचं उदाहरण अगदी बरोबर आहे आणि शास्त्रज्ञांनाही हीच भीती असते. हिमनदी तर पुरापेक्षा वाईट, ती समुद्रतळ खरवडून लाखभर वर्षांपूर्वीचे शिंपले उचलते आणि कालच्या गाळात आणून टाकते. म्हणून सुट्या तुकड्यावर कुणी मोठा दावा करत नाही. बघतात काय तर दोन्ही शिंपा बिजागरीला जोडलेल्या आहेत का, मिटलेल्या आहेत का, आणि जनावर जिवंतपणी गाळात ज्या तऱ्हेने उभं असतं तसंच उभं आहे का. मेल्यावर लाटांनी लोळवलेल्या शिंपल्याच्या दोन शिंपा काही एकत्र राहत नाहीत.

उत्तरवाट यांनी झिर्फियाचं नाव घेतलं ना, त्याची गंमत इथेच आहे. तो खडकात किंवा घट्ट मातीत भोक पाडून आत राहतो, कवच करवतीसारखं फिरवून फिरवून भोक करतो आणि जन्मभर त्यातच. त्याच्या भोकात तो सापडला की तो तिथलाच, पुराव्याला याहून काय पाहिजे.

शिवाय प्रत्येक शिंपल्याचं वय स्वतंत्र काढतात. थराचं वय काढून त्यातल्या सगळ्याला तेच चिकटवलं तर फसायला होतं. आता वयाच्या दोन अडचणी सांगतो कारण लोक आकडा आला की डोळे झाकून घेतात.

एक, समुद्राच्या पाण्यातला कार्बन हवेतल्यापेक्षा आधीच जुना असतो, खोलवरचं पाणी शेकडो वर्षं हवेला भेटलेलं नसतं. त्यामुळे शिंपला मशीनला खऱ्या वयापेक्षा साधारण ४०० वर्षांनी जुना दिसतो. ते वजा करावं लागतं, आणि किती वजा करायचं ते जागेप्रमाणे बदलतं.

दोन, काही शिंपले पाणी गाळून खातात, ब्लोशेल त्यातला. काही मात्र तळाचा चिखल खातात, उदाहरणार्थ पोर्टलँडिया. आजूबाजूला चुनखडीचा डोंगर असेल तर चिखलातला पुरातन कार्बन त्याच्या कवचात उतरतो आणि तो असावा त्यापेक्षा कितीतरी जुना दिसतो. मी स्वतः यात एकदा फसलोय, एकाच थरातले दोन शिंपले, वयात शेकडो वर्षांचा फरक, आणि आठवडाभर मशीनलाच दोष देत बसलो होतो. मग एका सीनियर बाईंनी विचारलं की अरे हे खातात काय ते बघितलंस का.

साधारण ५० हजार वर्षांपलीकडे ही पद्धत चालत नाही. मग कवचातल्या प्रथिनांचे अमिनो आम्लं किती बदलली ते बघतात, किंवा आजूबाजूच्या वाळूला शेवटचं ऊन कधी लागलं होतं ते मोजतात. बिलेफ्योर्डमधेच काप एकहोल्म म्हणून एक कडा आहे, तिथे एकावर एक हिमनदीचा गाळ, समुद्राचा गाळ, परत हिमनदी, परत समुद्र असे थर दिसतात. त्यात मागच्या गरम काळातले, म्हणजे सव्वा लाख वर्षांच्या आसपासचे थर आहेत आणि त्यातही ब्लोशेल आहे. म्हणजे हा प्राणी स्वालबारला एकदा सोडून निदान दोनदा येऊन गेलाय.

नुसताच_वाचक

"हे खातात काय ते बघितलंस का" हे वाक्य लिहून ठेवलं.

मांडवीकर

पणजीहून. इथे वास्कोला हेडलँड सड्यावर ध्रुवीय आणि महासागर संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आहे, त्यांचं हिमाद्री स्टेशन स्वालबारलाच आहे, न्यू-ऑलेसुंदला, २००८ मधे सुरू झालं. तिथल्या काँग्सफ्योर्डमधे २०१४ पासून भारताची पाण्याखालची उपकरणांची साखळी पण आहे, इंडआर्क, ती पाण्याचं तापमान नि खारेपणा सतत मोजते. म्हणजे जिथे उत्तरवाट यांना शिनाणे दिसले त्याच बेटावर आपली माणसं आजचं पाणी मोजतायत. मला हे वाचताना फार अभिमान वाटला म्हणून लिहिलं.

प्रश्न असा, की प्राण्याची आवड-निवड बघून तापमान सांगणं हा एक मार्ग झाला. शिंपल्याच्या कवचातूनच थेट तापमान काढता येत नाही का? कुठेतरी ऑक्सिजनबद्दल वाचलेलं आठवतं.

लोलक

येतं, आणि त्याची गोष्ट सुंदर आहे.

शिंपल्याचं कवच म्हणजे चुना, त्यात ऑक्सिजन असतो, आणि ऑक्सिजनचे हलके-जड प्रकार असतात. १६ वजनाचा नेहमीचा, १८ वजनाचा दुर्मिळ. कवच बनताना पाणी जितकं थंड तितका जड ऑक्सिजन थोडा जास्त उतरतो. हॅरल्ड युरी यांनी १९४७ मधे हे गणिताने मांडलं, आणि १९५१ मधे त्यांच्या गटाने स्कॉटलंडच्या स्काय बेटावरचा ज्युरासिक काळातला एक बेलेमनाइट घेतला (माकुळाचा फार लांबचा नातेवाईक), त्याच्या कवचाचे आतून बाहेर पातळ थर खरवडून एकेक मोजला. त्यात वरखाली लाट मिळाली. तीन उन्हाळे, चार हिवाळे, आणि साधारण चार वर्षांचा होऊन वसंतात मेला. पंधरा कोटींहून जास्त वर्षांपूर्वीच्या एका जनावराने कुठल्या ऋतूत प्राण सोडला ते कळलं! मी हे दरवर्षी वर्गात सांगतो आणि दरवर्षी माझ्याच अंगावर काटा येतो.

पण आर्क्टिकच्या खाड्यांत यात एक खोट आहे. हिमनदीचं वितळलेलं पाणी हलक्या ऑक्सिजनचं असतं. ते खाडीत मिसळलं की शिंपल्यात हलका ऑक्सिजन वाढतो आणि वाटतं पाणी गरम होतं, प्रत्यक्षात ते बर्फाचं असतं. म्हणून नुसत्या या आकड्यावर विसंबता येत नाही.

त्यावरचा उपाय २००६ मधे आला. जड ऑक्सिजन आणि जड कार्बन एकाच रेणूत किती वेळा शेजारी येऊन बसतात ते मोजायचं, थंडीत ते जास्त वेळा जोडीने बसतात. याला पाणी कसं होतं हे माहीत असावं लागत नाही. तो पहिला निबंध ज्यांच्या नावे आहे ते प्रोसेनजित घोष तेव्हा अमेरिकेत कॅलटेकला होते, आता बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आहेत. मांडवीकर, अभिमानाच्या यादीत हेही घाला.

कालवंवाली

लोलक सरांच्या पोस्टला जोडून. वाढीच्या रेघांवरून वर्षं मोजता येतात ना, त्यातला राजा म्हणजे आर्क्टिका आयलँडिका. २००६ मधे आइसलँडजवळ पकडलेल्या एकाच्या रेघा मोजल्या तर आधी चारशेच्या थोड्या वर आल्या, पुढे नीट मोजल्यावर ५०७ वर्षं. जन्म १४९९! वास्को द गामा कालिकतला येऊन गेला त्याच्या पुढच्या वर्षी जन्मलेला प्राणी, आणि तोपर्यंत जिवंत. अशा शिंपल्यांच्या रेघा झाडाच्या वर्तुळांसारख्या एकाला एक जोडून समुद्राचं वर्षावर्षाचं तापमान लावत नेतात. हाच प्राणी सव्वा लाख वर्षांपूर्वीच्या गरम काळात रशियाच्या उत्तर किनाऱ्यावर पार आत शिरलेल्या समुद्रातही मिळतो.

दगडफूल

उशिरा आले धाग्यावर. मी जिऑलॉजी केलंय, आता गृहिणी, पण आइसलँडला टॉर्नेसच्या कड्यांवर जाऊन आले आहे म्हणून लिहितेच. हूसाविक गावाच्या उत्तरेला, आर्क्टिक वर्तुळाच्या अगदी जवळ. कड्यात शिंपल्यांचे थरच्या थर, हात लावाल तिथे. गुदमुंदुर बार्दारसन यांनी १९२५ मधे त्यांची त्यातल्या शिंपल्यांच्या नावांनी तीन भागांत विभागणी केली, ती नावं अजून चालतात, तळाला टेपस, मधे मॅक्ट्रा, वर सेरिपेस. प्लायोसीन काळातले, म्हणजे काही दशलक्ष वर्षांपूर्वीचे. खालच्या दोन थरांतले शिंपले आजच्या उत्तर आइसलँडपेक्षा ऊबदार पाण्यातले. तिथे उभं राहून वाऱ्याने कान दुखत होते आणि समोर कड्यात दक्षिणेकडच्या समुद्रातले प्राणी.

आणि वरच्या थरात अचानक वेगळीच मंडळी येतात, पॅसिफिकमधली! बेरिंगची सामुद्रधुनी उघडल्यावर ती आर्क्टिक ओलांडून अटलांटिकमधे उतरली. किनाऱ्यावरचे प्राणी ध्रुवाजवळून असे पार झाले यावरूनच कळतं की वाट तेव्हा आजच्यापेक्षा सौम्य होती. उलट्या दिशेने अटलांटिकमधून फार थोडे गेले. गेरात व्हर्मे नावाच्या संशोधकांनी १९९१ मधे मोजदाद केली, या देवाणघेवाणीत भाग घेतलेल्या किंवा तशांच्या वंशातल्या २९५ जातींपैकी २६१ पॅसिफिककडून आलेल्या. हे व्हर्मे लहानपणापासून पूर्ण अंध आहेत, शिंपले बोटांनी वाचतात. मी कॉलेजात असताना हे कळलं तेव्हापासून शिंपला हातात आला की आधी डोळे मिटून बघते.

उत्तरवाट, तुमच्या ब्लोशेलचे पूर्वजही मुळात पॅसिफिकचेच.

कालवंवाली

दगडफूलताई, टेपस वाचून हसू आलं मला. टेपस आणि आपल्या तिसऱ्या (कोकणात खातात ते शिंपले) एकाच कुळातल्या, व्हेनेरिडी. सांगायचं तर आइसलँडच्या कड्यात तिसऱ्यांची चुलत भावंडं आहेत. नॉर्वेतही हिमयुगानंतरच्या ऊबदार काळातल्या समुद्राला टेपसचंच नाव दिलंय.

सी_चौदा

उलट बाजूचंही एक उदाहरण. स्कॉटलंडमधे क्लाइड नदीच्या आसपास १८३० च्या दशकात जेम्स स्मिथ नावाच्या माणसाने किनाऱ्यावरच्या जुन्या चिखलातून शिंपले गोळा केले आणि त्याच्या लक्षात आलं की यातले काही आज फक्त आर्क्टिकमधे मिळतात. व्यापारी घरातला, नौकेचा छंद असलेला माणूस. हिमयुग ही कल्पनाच तेव्हा नुकती कुठे बोलली जात होती, आणि त्याच्या हातात त्या थंडीचे शिंपले होते. म्हणजे हे हत्यार दोन्ही बाजूंनी कापतं, गरमीलाही आणि थंडीलाही.

प्रश्नचिन्ह

रात्री सगळं परत वाचलं. कक्षेचं पटलं. उन्हाचं कारण उलट्या बाजूला झुकलेलं असताना तापमान वर जातंय, हा मुद्दा मला आजवर कुणी सांगितला नव्हता, नुसतं "शास्त्रज्ञ म्हणतात" एवढंच ऐकलं होतं.

एक शेवटचं. आता गरम होतंय तर मग शिनाणे परत यायला पाहिजेत ना स्वालबारला? आले तर मी मानलं.

उत्तरवाट

आले. २००४ मधे.

इसफ्योर्डच्या तोंडाशी सागास्कयार म्हणून जागा आहे, तिथे पाणबुड्यांना जिवंत ब्लोशेल मिळाले. पुढच्या वर्षी जो निबंध आला त्याच्या नावातच हजार वर्षांच्या गैरहजेरीनंतर असं लिहिलंय. कवचाच्या रेघा मोजल्या तर बहुतेक २००२ मधे पिल्लं म्हणून येऊन बसलेले, त्या काळात अटलांटिकचं ऊबदार पाणी जोरात वर गेलं होतं आणि नॉर्वेच्या किनाऱ्यावरून डिंभक त्याबरोबर वाहत गेले. म्हणजे तुमचा वाहून येण्याचा मुद्दा इथे खरा ठरला, फक्त शिंपले नाही, जिवंत पिल्लं वाहत आली आणि जगली.

झिर्फिया मात्र अजून आलेला नाही. तो आला असं ज्या दिवशी ऐकेन त्या दिवशी मला भीती वाटेल.

नुसताच_वाचक

उत्तरवाट, तो तुकडा बरोबर आणलात का? फोटो तरी टाका.

उत्तरवाट

नाही आणला, होता तिथेच वाळूत ठेवला. फोटो आहेत, शेजारी पेनाचं टोपण ठेवलंय आकार कळायला. आज रात्री टाकतो.

कालवंवाली

आतल्या बाजूचा असेल तर तोही टाका, बिजागरीजवळचा. ब्लोशेलच्या दोन-तीन सख्ख्या जाती आहेत, ट्रॉसुलस वगैरे, आणि कवचावरून त्या ओळखणं भल्याभल्यांना कठीण जातं. मी प्रयत्न करते, भिंग काढून ठेवलंय.